ग्रीनवर काही नाही

माझ्या बायकोनं त्या माणसाचं नाव 'सवत' ठेवलं होतं. नाव तिनं ठेवलं, पण जळायला मी तिच्याआधीच सुरुवात केली होती. चंदीगडचा, फौजेतून निवृत्त झालेला, ताठ कण्याचा, साठीतही पोट नसलेला माणूस. त्याला मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. फोटोत पाहिलं आणि एकदा फोनवर बोललो. तेवढ्या एका फोनमध्ये जे करू नये ते मी करून बसलो.

पण आधी माझ्या मित्राबद्दल सांगायला हवं. तो सावनेरकडच्या शेतकरी घरातला, मी नागपुरातला. दोघं एकाच वर्षी वीज केंद्रात इंजिनियर म्हणून लागलो आणि कोराडीच्या बाजूला एकाच कॉलनीत समोरासमोरच्या क्वार्टरमध्ये राहिलो. सकाळी स्कूटरच्या सीटवर राखेचा थर बोटानं पुसायचा आणि ड्यूटीवर जायचं. त्या काळी आम्हाला एक साहेब लाभले होते, त्यांना गोल्फचं वेड. कॉलनीमागच्या पडीक जमिनीवर त्यांनी नऊ होल खणून घेतले आणि आम्हा दोघांना जवळजवळ हुकूम सोडून खेळायला लावलं. साहेबांची मर्जी सांभाळायला म्हणून धरलेली काठी पुढं आम्हा दोघांच्या हातातून सुटली नाही.

गोल्फ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं हिरवंगार गवत येतं. आमच्याकडं गवताला पाणी कोण देणार? मे महिन्यात प्यायच्या पाण्याची मारामार. म्हणून होलच्या भोवती, जिथं बॉल हलकेच घरंगळवत आत टाकायचा असतो, तिथं वाळूत गॅरेजमधलं काळं ऑइल कालवून गोल पट्टा केलेला असायचा. जगात त्याला ग्रीन म्हणतात, आम्ही ब्राऊन म्हणायचो. त्या वाळूवर आधीच्या खेळाडूंच्या बुटांचे ठसे उमटलेले असत. म्हणून रिवाज असा होता, की आपला बॉल जिथं असेल तिथून होलपर्यंत लांब दांड्याची लाकडी फळी ओढायची, सरळ गुळगुळीत वाट करायची आणि मग मारायचं. फळी दूर पडली असेल तर बुटानंच दोनतीनदा वाळू सारखी करायची. सगळेच करायचे, त्यात गैर काही नव्हतं.

गवताच्या ग्रीनवर मात्र हे चालत नाही. आपल्या बॉलची वाट तिथं पायानं सारखी करायची नाही. सकाळचं दव पडलेलं असलं तर तेही पुसायचं नाही. पुसलं, तर जोडीच्या सामन्यात तो होल गेला म्हणून समजा.

माझ्या मित्राचा पाय पंधरा वर्षं वाळूवर घडला होता. पुढं आम्ही शहरात घरं बांधली, गवताच्या मैदानावर खेळू लागलो, पण जित्याची खोड. बॉलजवळ जायचा, होलकडं नजर लावायचा आणि त्याचा उजवा पाय आपोआप पुढं सरकायचा. पहिल्याच स्पर्धेत या पायापायी आमचा एक होल गेला. तेव्हापासून मी एक काम अंगावर घेतलं. त्याची पाळी असली की मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहायचो आणि माझी काठी त्याच्या नडगीपुढं आडवी धरायचो. त्यानं नेम धरला की काठी काढून घ्यायचो. तो हसायचा.

"बैल बांधून राहिला का गा तू?" म्हणायचा.

"बैल बरा. त्याले एकदा सांगितलं त समजते," मी म्हणायचो.

आम्ही खेळायचो तो प्रकार जोडीचा. जोडीत दोघांमध्ये बॉल एकच. एक फटका याचा, पुढचा त्याचा, असं करत होलपर्यंत जायचं, कमी फटक्यांत पोचेल त्या जोडीनं तो होल जिंकला. त्यानं झुडपात घातलेला बॉल मी बाहेर काढायचा, मी खड्ड्यात टाकलेला त्यानं. संसारापेक्षा वेगळं काही नाही त्यात. आमचा नियम होता की सॉरी म्हणायचं नाही. वीस वर्षांत कोणी म्हटलं नाही. फटका कसा झाला विचारलं तर तो सरळ "भिकार" म्हणायचा. तोंडदेखलं बोलणं त्याला कधी जमलंच नाही. सासऱ्यांनी दिलेली घड्याळाची भेट आवडली नाही, तर त्यांनाच तसं सांगून मोकळा झालेला माणूस तो.

एक गोष्ट मात्र मला एकट्यालाच माहीत होती. एकटा खेळताना त्याचा पाय सहसा जात नसे. तेव्हा तो स्वतःवर पहारा ठेवायचा. जोडीत मी असलो की पहारा माझ्यावर सोपवून निर्धास्त व्हायचा. म्हणजे खोड त्याची, पण तिची राखण माझ्याकडं. या राखणदारीचा मला किती अभिमान होता हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मग निवडीचं प्रकरण आलं. पंचावन्नच्या वरच्या खेळाडूंची देशादेशांच्या संघांमधली स्पर्धा उत्तर थायलंडमध्ये होणार होती आणि भारताच्या संघासाठी दिल्लीला चाचणी होती. आम्ही दोघं गेलो. चार दिवस खेळलो. तो संघात बसला, मी दोन फटक्यांनी राहिलो. शेवटच्या दिवशी एका तळ्यात माझा बॉल गेला नसता, तर... पण हे मी इतक्यांदा इतक्या लोकांना सांगितलं आहे, की आता माझ्या मुलीलाही तळ्याची खोली पाठ झाली आहे.

परतीच्या गाडीत तो खालच्या बर्थवर बसला होता. इटारसी गेल्यावर म्हणाला, "तू असता त मजा आली असती गा." मी म्हटलं, "तू जाऊन राहिला ना, मीच गेल्यासारखं हाय." असं म्हणायची पद्धत असते म्हणून म्हटलं. वरच्या बर्थवर चढलो, तोंड भिंतीकडं केलं आणि नागपूर येईपर्यंत झोपेचं सोंग घेतलं.

नागपुरात उतरलो आणि माझा जळफळाट सुरू झाला. पेपरात त्याचा फोटो आला. क्लबनं सत्कार ठेवला, त्यात भाषण करायला मलाच उभं केलं. मी चांगलं बोललो. इतकं चांगलं बोललो, की दोघातिघांनी येऊन माझा हात हातात घेतला आणि "मन मोठं हाय तुमचं" म्हटलं. मला त्यांच्या कानाखाली द्यावीशी वाटली. घरी आल्यावर शालही त्याची, श्रीफळही त्याचं आणि टाळ्या वाजवून लाल झालेले हात तेवढे माझे.

तरी निवड मी कशीबशी गिळली असती. दोन फटके म्हणजे दोन फटके, हिशेब चुकीचा नव्हता. पण महिनाभरानं संघाच्या कर्णधारानं जोड्या जाहीर केल्या. पहिले दोन दिवस जोडीचे सामने, शेवटचा एकेकट्यांचा. माझ्या मित्राच्या नावापुढं त्या चंदीगडच्या फौज्याचं नाव होतं; तो आधीच्या वर्षीच्या संघातला, म्हणून त्याला दिल्लीची चाचणी द्यावी लागली नव्हती. मोबाइलवर ती दोन नावं शेजारी शेजारी पाहिली आणि मोबाइल पालथा ठेवला. वीस वर्षं त्या नावाशेजारी माझं नाव होतं. क्लबच्या फलकावर, कपांवर, हातानं लिहिलेल्या यादीत, सगळीकडं. कोणी नुसतं त्याचं नाव घेतलं, तरी ऐकणारा माझं नाव मनात पुरं करून घ्यायचा.

"अजी, तुमचं त सवत आल्यासारखं होऊन राहिलं," बायको म्हणाली. मी जेवताना ताट सरकवून उठलो होतो.

"कायची सवत? काही बोलू नको."

"मंग जेवा ना पुरतं. त्यानं सवत आणली म्हणून भाकर काहून टाकता?"

ती थट्टा करत होती, पण नेमकं तेच होतं. मला त्याच्या यशाचा हेवा होता, तो वेगळा. हा दुसरा हेवा लाजिरवाणा होता. साठीच्या पुरुषानं दुसऱ्या साठीच्या पुरुषाबद्दल असं वाटून घ्यावं, हे कोणाला सांगणार?

त्याला यातलं काही कळत नव्हतं. तो रोज संध्याकाळी यायचा. फौज्यासोबत बंगळुरात आठ दिवस सराव झाला, तिथलं सगळं मलाच येऊन सांगायचा. "लय चांगला माणूस हाय गा. फटका पाह्यजो त्याचा, दोरीत गेल्यासारखा सरळ. फक्त सॉरी लय म्हणते." त्या शेवटच्या वाक्यानं मला इतकं बरं वाटलं, की मी त्याला दुसऱ्यांदा चहा विचारला.

"तुझा पाय?" मी विचारलं.

"सरावात कोण पाहते. दोनदा गेला. मी त्याले म्हटलं, माह्या मित्राले विचारजो, त्याच्याजवळ इलाज हाय." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "त्याचा फोन येईन तुले. सारं सांगजो गा त्याले. तुले माहा खेळ माह्यापेक्षा जास्त माहीत हाय."

"सांगीन ना," मी म्हटलं.

तो मला सोबतही नेत होता. प्रेक्षक म्हणून चल म्हणाला, मुलगा तिकीट काढून देईल म्हणाला. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. माझा गुडघा ठणठणीत आहे.

निघायच्या आधी त्याचा ब्लेझर आला. निळा, छातीवर तिरंगा, खाली देशाचं नाव. त्यानं मला बोलावून घेतलं. घराच्या पडवीत बनियनवर तो ब्लेझर चढवून उभा होता, खाली घरातला पायजमा. त्याची बायको मुलीकडं पुण्याला गेलेली, म्हणून दाखवायला मीच.

"बाबांनी पाह्यलं असतं त म्हटलं असतं, कापूस सोडून हे काय वेचून राहिला," तो म्हणाला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. खिशावरचा तिरंगा त्यानं दोनदा हातानं सारखा केला. साठाव्या वर्षी माणसाला देशाचं नाव छातीवर लावायला मिळालं होतं. मी जवळ जाऊन त्याची कॉलर नीट केली. मला भरून आलं, आणि त्याच वेळी तो ब्लेझर त्याच्या अंगावरून ओरबाडून घ्यावासा वाटत होता. दोन्ही खरं आहे.

फौज्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर होतो. थंडी पडली होती आणि कूलरला प्लॅस्टिक गुंडाळून सुतळी बांधायची राहिली होती. अनोळखी नंबर म्हणून उचलला.

"सर, नमस्कार," पलीकडून आवाज आला. त्यानं आपलं नाव सांगितलं. आवाज मऊ होता. मला वाटलं होतं खरखरीत असेल, म्हणून आधीच राग आला. तो म्हणाला की आमच्या दोस्तांनी तुमच्याशी बोलायला सांगितलंय, तुम्ही वीस वर्षं त्यांच्यासोबत खेळताय, मी कागद-पेन घेऊन बसलोय.

मी त्याला सगळं नीट सांगितलं. वारा उजवीकडून असला की तो घाई करतो, त्याला थांबवा. जेवणाआधी खेळ असला तर खिशात गूळ-शेंगदाणे ठेवा, भूक लागली की तो चिडतो. चुकलेल्या फटक्यावर लगेच बोलू नका. तो 'जी सर, जी सर' करत लिहीत होता. आणि जसजसा तो लिहीत होता, तसतसं माझ्या एकेका गोष्टीचं वजन जाऊ लागलं. वीस वर्षं साठवलेलं दहा मिनिटांत एका कागदावर उतरलं. उद्या हा माणूस त्या कागदाच्या जोरावर मी होणार.

मग त्यानं विचारलं, "और ग्रीन पर, सर? कुछ ध्यान रखना है?"

सुतळी माझ्या दातांत होती. ती मी काढली. उत्तर तोंडात तयार होतं: पाय. एवढा एक शब्द आणि वर काठी कुठं धरायची ते. मी खाली अंगणात पाहिलं. बायको तुरीच्या शेंगा निवडत बसली होती.

"नहीं," मी म्हटलं, "ग्रीन पर कुछ नहीं. वहाँ तो वो राजा है."

त्यानं मनापासून आभार मानले. फोन ठेवला. मी कूलरला सुतळीच्या इतक्या गाठी मारल्या, की पुढच्या उन्हाळ्यात त्या सोडवता न येऊन कापाव्या लागल्या.

पुढचे चार दिवस मी स्वतःला समजावत होतो. पाय काय नेहमी जातो का? दहात एकदा. तो स्वतःच सांगेल की त्याला. लहान आहे का तो? आणि मीच पुन्हा फोन करून सांगू शकतो, नंबर आहेच मोबाइलमध्ये. नंबर चारही दिवस मोबाइलमध्येच राहिला.

स्पर्धा सुरू झाली. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं. एका संकेतस्थळावर होलागणिक निकाल दिसायचा, जिंकलेला होल निळा, हरलेला लाल. पहिल्या दिवशी ते दोघं जिंकले. क्लबच्या ग्रुपवर नुसता दंगा. कोणीतरी तिथला फोटो टाकला. माझ्या मित्राच्या खांद्यावर फौज्याचा हात, दोघांच्या टोप्या सारख्या, दोघं हसताहेत. माझा मित्र फोटोत कधी दात दाखवून हसत नाही. वीस वर्षांच्या आमच्या फोटोंत एकदाही नाही. मी तो फोटो मोठा करून पाहिला, मग आणखी मोठा, नुसते दात दिसेपर्यंत. ग्रुपवर अंगठा टाकायला मला दुपार झाली.

दुसऱ्या दिवशी जपानशी गाठ होती. जिंकले तर अंतिम फेरी. आपल्याकडं सहा वाजले होते, मी अंथरुणातून उठून बैठकीत मोबाइल घेऊन बसलो. पहिला होल बरोबरीत. दुसरा बरोबरीत. तिसरा लाल झाला.

आणि मी सोफ्याच्या हातावर थाप मारली. आनंदानं. दुसरा शब्द नाही त्याला.

बायको चहा घेऊन आली होती. "जिंकले का?" तिनं विचारलं.

"नाही. एक होल गेला."

ती कप हातात धरून माझ्याकडं पाहत राहिली. कप टेबलावर ठेवून आत गेली. त्या दिवशी तिनं सवत हा शब्द काढला नाही, नंतरही कधी काढला नाही.

पुढचे चार तास मी त्या सोफ्यावरून उठलो नाही. पाचवा यांनी जिंकला, सातवा त्यांनी. नववा यांनी, अकरावा त्यांनी. मागं पडले एका होलनं, ते एकाच होलनं मागं राहिले. बाराव्यापासून मला बरं वाटेनासं झालं. तिसरा होल माझ्या डोळ्यांपुढून हलेना. साधा, छोटा होल होता तो, संकेतस्थळावर त्याचं अंतर दिलेलं होतं. तिथं हरण्यासारखं काय होतं? सोळाव्याला मी देवघराकडं पाहिलं आणि लाज वाटून नजर फिरवली. जिंकू दे म्हणायला मी कोण? शेवटचा, अठरावा बरोबरीत सुटला. ते एका होलनं हरले आणि त्या एका जोडीवरच भारताची अंतिम फेरी हुकली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. नमस्कार-चमत्कार नाही.

"पाय गेला गा," तो म्हणाला.

दव पडलं होतं म्हणे. तिसऱ्या ग्रीनवर ऊन पोचलं नव्हतं, सगळं गवत पांढरं. सहा फुटांवर होल, तेवढा टाकला की होल यांचा. पांढऱ्या गवतावर समोरच्यांच्या बुटांचे ठसे होते. कोराडीच्या वाळूवर असायचे तसेच असणार. त्याचा बूट पुढं गेला आणि त्यानं दोनदा दव पुसलं. कोणी पाहिलं नाही. फौजी होलमधला झेंडा काढून हातात धरून पाठमोरा होता, जपानी दोघं आपसात बोलत होते. त्यानं स्वतःच हात वर केला आणि सांगितलं की मी वाट पुसली, होल तुमचा.

"ते जपानी माह्यापुढं वाकले गा," तो म्हणाला. "मले मेल्यासारखं झालं."

मी हूं म्हटलं. जेवून घे म्हटलं. त्याच्याकडं तेव्हा रात्र व्हायला आली होती.

तीन दिवसांनी तो परतला. विमानतळावर क्लबचे पाचसहा जण हार घेऊन आले होते. हरलेल्या माणसाला हार घालताना काय म्हणावं हे कोणाला कळेना, म्हणून सगळे प्रवास कसा झाला विचारत होते. तो वाळला होता. मी त्याला माझ्या गाडीत घेतलं, सामान मागं टाकलं. ब्लेझर मात्र त्यानं घडी करून मांडीवर घेतला.

वर्धा रोडला लागलो. तो बाहेर मेट्रोच्या खांबांकडं पाहत होता. मग म्हणाला, "मले एक समजून नाही राहिलं."

"काय?"

"मी त्या फौज्याले पयल्याच दिवशी विचारलं होतं. म्हटलं, माह्या मित्रानं तुले पायाचं सांगितलं ना? तो म्हणे, नाही, ते म्हणाले ग्रीनवर काही नाही. त्यानं कागद काढून दाखवला. लिहून होतं तसं." तो माझ्याकडं वळला. त्याच्या तोंडावर शंका नव्हती, संशय नव्हता. खरंच न समजल्यासारखा तो विचारत होता. "मंग मले वाटलं, तू म्हणून राहिला त गेली असन सवय. तुले त माहीत राहते. म्हणून मी ध्यानच नाही ठेवलं गा. एकटा असतो तेव्हा ठेवतो ना, तसं नाही ठेवलं. पण सवय त हायच. मंग तू तसं काहून म्हटलं?"

छत्रपती चौकाचा सिग्नल लाल होता. मी गाडी थांबवली. मागून एक ऑटोवाला उगाच हॉर्न वाजवत होता. मला विसरलो म्हणता आलं असतं. त्यानं मानलंही असतं. वय झालं गा तुझं, म्हणाला असता आणि विषय संपला असता. पण तिथं कोणी पाहत नसताना तो हात वर करून आला होता.

"मुद्दाम नाही सांगितलं," मी म्हटलं.

"काहून?"

"जळून राहिलो होतो."

"माह्यावर?"

"आधी तुझ्यावर. मंग त्याच्यावर."

"त्याच्यावर काहून?" त्यानं विचारलं, आणि मग त्याला कळलं. कळल्याचं मला दिसलं, कारण त्यानं मान समोर वळवली. सिग्नल सुटला. मी गिअर टाकला. तो ब्लेझरच्या खिशावरून हात फिरवत राहिला. धरमपेठेत त्याच्या घराशी गाडी उभी केली तरी तो उतरला नाही. मी वाट पाहत होतो की हा आता दार आपटेल, शिव्या देईल, निदान भिकार म्हणेल.

"मले जायच्या पयले सांगायचं होतं ना गा," तो शेवटी म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "इतकं लागून राहिलं होतं तुले, त मी गेलोच नसतो."

तो उतरला, सामान काढलं आणि फाटक उघडून आत गेला. हा माणूस तोंडदेखलं बोलत नाही, हे मी वर सांगितलंच आहे. तो खरंच गेला नसता. तो तिरंगा, ते देशाचं नाव, पडवीत डोळ्यांत आलेलं पाणी, सगळं त्यानं माझ्यासाठी सोडून दिलं असतं आणि कोणाला कारणही सांगितलं नसतं. मला लाजेनं गाडी पुढं नेता येईना. पण हेही लिहायला हवं: फौज्यासोबत तो गेला होता, माझ्यासाठी तो राहिला असता, हे ऐकून त्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या पोटातलं दुखणं थांबलं. मला बरं वाटलं. एवढं मात्र मी त्याला आजवर सांगितलेलं नाही.